दर उतरेपर्यंत

संदेश आला तेव्हा तो एका बाईंची तक्रार लिहून घेत होता. बाईंच्या नळाला गढूळ पाणी येत होतं आणि ते नेमकं कसं गढूळ आहे हे सांगायला त्यांना शब्द सापडत नव्हते. ‘चहासारखं म्हणाल तर तसं नाही हो, चहा बरा दिसतो,’ त्या म्हणत होत्या, आणि तो ‘हो, हो’ म्हणत पुढ्यातल्या कागदावर ‘गढूळ’ एवढंच लिहीत होता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसून त्याचे केस पिकले होते. माणसं कितीही बोलली तरी कागदावर एक शब्द उरतो, हे त्याला पाठ झालं होतं. टेबलावर मोबाइल थरथरला. एका कानाला रिसीव्हर धरून त्यानं दुसऱ्या हातानं तो सरळ केला आणि वाचलं. परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टमनं तपासणीसाठी थांबवलं होतं. वस्तू कशासाठी मागवली, तिची खरी किंमत काय, याचा खुलासा हवा होता. औषधोपचाराची वस्तू म्हणून सवलत हवी असेल तर डॉक्टरांचं पत्रही. मुदतीत उत्तर आलं नाही तर वस्तू पाठवणाऱ्याकडे परत जाईल, असं शेवटी सभ्य भाषेत म्हटलं होतं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. तिकडे बाई विचारत होत्या, ‘ऐकताय ना?’ तो म्हणाला, ‘ऐकतोय.’ आणि त्याच क्षणी त्याला आतून काहीतरी टोचलं. पार्सल अडकलं म्हणून नव्हे. पार्सल अडकलं हे वाचून आपल्याला बरं वाटलं, म्हणून.

बरं वाटलं म्हणजे काय, हे त्यानं पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तो नुसताच बसला. भिंतीवरच्या नळांच्या नकाशात निळ्या रेघा एकमेकींत शिरत होत्या, कुठे कुठे तांबड्या पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. पार्सलमध्ये एक तार होती. वीतभर लांबीची, कातडीच्या रंगाची, दोन्ही टोकांना बारीकशी खोच असलेली. त्याच्या बायकोला काही वर्षांपूर्वी मेंदूपर्यंत गेलेला ताप आला होता. तो उतरला आणि जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. मग ऑपरेशन झालं, तिच्या कानामागे कातडीखाली काहीतरी बसवलं, आणि बाहेरून लावायचं एक यंत्र मिळालं. यंत्र कानावर अडकवायचं, त्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला एक चकती, ती डोक्याला लोहचुंबकासारखी चिकटायची. चकती चिकटली की तिला ऐकू यायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो म्हणायची, पण यायचा. यंत्र शाबूत होतं, चकती शाबूत होती, मधली तार आतल्या आत तुटली होती. ज्या दुकानातून यंत्र घेतलं होतं त्यांनी हात वर केले. एवढी जुनी चीज आता कोण ठेवतं, नवीनच घ्या. नवीन यंत्राची किंमत ऐकून दोघं रस्त्यानं न बोलता घरी आली होती. तशीही ती काही ऐकू शकत नव्हती, पण त्यानंही काही बोलण्याचा प्रयत्न केला नाही.

तार मुलीनं शोधून काढली. मुलगी दुसऱ्या शहरात असते, नवरा आणि नोकरी सांभाळते, आणि आईबापांच्या अडचणी फोनवरून सोडवते. दूरच्या एका देशातल्या दुकानाच्या साइटवर ती तार होती. ‘बाबा, किंमत तिकडच्या चलनात आहे, घाबरू नका, खाली आपल्या पैशांत दाखवतात,’ असं तिनं सांगितलं होतं. त्यानं पाहिलं तर आपल्या पैशांतल्या आकड्याच्या शेजारी ‘अंदाजे’ असं लिहिलं होतं. हा अंदाजे कुणाचा? बँकेनं कार्डावरून पैसे कापले ते त्या अंदाजापेक्षा जास्त होते. तिकडचं चलन बँक स्वतःच्या भावानं विकत घेते आणि वर स्वतःची दलाली लावते, असं बँकेच्या खिडकीतल्या मुलीनं नखं पाहत सांगितलं. आणि आता कस्टमचा तिसराच भाव. एकच वस्तू, एकच पावती, पण ज्या दारातून पुढे सरकेल त्या दारावर तिची किंमत नवी. त्याला या गोष्टीची एक विचित्र धास्ती वाटली होती. जन्मभर त्याला असंच वाटत आलं होतं की आपल्याजवळ काहीतरी आहे, पण कुणाच्या दारात त्याची किती किंमत होईल सांगता येत नाही, तेव्हा ते खिशातच ठेवलेलं बरं.

‘काका, डबा बोलतोय का तुमच्याशी?’ शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याला ऑफिसात सगळे भोंगा म्हणत. तो कुजबुजला तरी जिन्यापर्यंत ऐकू जायचं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. यानं सांगितलं, पार्सल अडकलंय. भोंगा खुर्ची ओढून जवळ आला. परदेशातून मागवणं हा त्याचा खास प्रांत होता. मासे धरायचे गळ, रिळं, असलं काहीबाही तो सतत मागवायचा आणि मासा मात्र कधी कुणी पाहिला नव्हता. ‘काय मागवलंत?’

‘तार आहे एक.’

‘तार? अहो काका, तारेसाठी कस्टमशी कुस्ती? कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला वीतभर तार फुकट देईल, वर नमस्कार करील.’

‘तसली नाही. कानाच्या यंत्राची.’

भोंगा एकदम हळू झाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू. ‘काकूंची होय. मग ऐका. घाई करू नका. उत्तर दिलंत की त्या दिवशीच्या दरानं शुल्क बसलंच समजा. कस्टमवाल्यांचा दर बँकेसारखा रोज हलत नाही, महिन्यातनं दोनदा जाहीर होतो. सध्या चढलाय. पुढचा खाली येणार, मी लिहून देतो. तेवढं थांबा, मग कागद पाठवा. थांबला तो संपला म्हणतात ना? कस्टमात थांबला तो जिंकला.’

त्यानं मान हलवली. भोंग्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती आणि यानंही ती सांगितली नाही. डॉक्टरांचं पत्र त्याच्याजवळ होतं. तार मागवली त्याच आठवड्यात मुलीनं बजावून ते घ्यायला लावलं होतं, आणि ते टेबलाच्या वरच्याच खणात, डिंकाच्या बाटलीशेजारी पडलं होतं. पत्र जोडलं की शुल्क जवळजवळ माफ. मग दर चढला काय नि उतरला काय. पण भोंग्यानं इतक्या आपुलकीनं एक कारण हातावर ठेवलं होतं, आणि ते हातात धरायला इतकं बरं होतं, की त्यानं खण उघडला नाही. दर उतरू दे, तो मनाशी म्हणाला. चार पैसे वाचले तर वाईट काय.

घरी ती ओट्याशी उभी होती. दार उघडल्याचं तिला कळत नसे, म्हणून आत शिरताना तो दिवा एकदा बंद करून लावायचा. तिनं मान वळवून पाहिलं. ‘आली?’ तिनं विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार मोठा यायचा, कधी अगदी विझलेला; आज मोठा आला. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि रद्दी पावत्यांचा जो गठ्ठा त्यासाठी ठेवला होता त्यातल्या एकीच्या मागे लिहिलं, ‘कस्टममध्ये अडकली आहे.’ तिनं वाचलं. ‘काय मागतात मेले?’ त्यानं लिहिलं, ‘चौकशी चालू आहे.’ तिनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा ओट्याकडे वळली. आधी आधी तिनं ओठ वाचायचा प्रयत्न केला होता. पण तो तोंडातल्या तोंडात बोलायचा आणि ओठांवर मिशी होती. ‘तुमच्या मिशीला बोलता येत नाही,’ असं म्हणून तिनं नाद सोडला. मिशी काढतो असं त्यानं लिहून दिलं तर म्हणाली, ‘नको, मग घरात कोण आलंय असं व्हायचं.’

ती पाठमोरी होऊन कांदा चिरायला लागली. तो खुर्चीत बसला. आणि रोजच्यासारखा बोलायला लागला.

हे कसं सुरू झालं ते त्याला स्वच्छ आठवत होतं. तार तुटली त्याच संध्याकाळी, तिच्या पाठीकडे पाहत तो सवयीनं म्हणाला होता, ‘उकडतंय आज.’ ती वळली नाही. मग ध्यानात आलं. तरी त्यानं पुन्हा म्हटलं, ‘उकडतंय.’ शब्द खोलीत गेला आणि कुणालाच लागला नाही. भिंतीवर जाऊन बसला जणू. आणि मग कुठून कोण जाणे, त्याच्याच तोंडून निघालं, ‘मला ऑफिसात रडू येतं.’ तो इतका घाबरला की खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. ती पातेलं पुसत होती. तिचा कोपर मागेपुढे होत होता. काही कोसळलं नाही. त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, ‘रोज नाही. पण येतं.’

त्याच्या घरात लहानपणी कुणी बोलत नसे. वडील म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तोंड हीसुद्धा मूठच आहे. त्यानं ती झाकली ती झाकलीच. शाळेत उत्तर येत असून हात वर केला नाही. लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेला तेव्हा ‘काही विचारायचं असेल तर विचार’ म्हटल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसला. तिनंच शेवटी विचारलं होतं, ‘घड्याळ बंद आहे, तुम्हाला दुसरं दाखवू का?’ या एका वाक्यावर त्यानं होकार दिला होता. पण हेही त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. ते त्यानं तिला आता सांगितलं, इतक्या वर्षांनी, तिच्या वेणीच्या टोकाकडे पाहत. एकदा तो तिला म्हणाला, ‘परवा बसच्या खिडकीतून रस्त्यावर एक बाई दिसली. पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. मला वाटलं, किती दमलेली आहे बिचारी. मग बस पुढे गेली आणि कळलं की तू होतीस.’ एकदा म्हणाला, ‘तुझा जुना आवाज मला आठवत नाही. मी फार प्रयत्न केला.’ एकदा नुसतंच तिच्या नावानं हाक मारत राहिला, वेगवेगळ्या तऱ्हेनं, लग्नानंतर पहिल्या महिन्यात जशी मारावीशी वाटली होती तशी, आणि लाज वाटून थांबला. तिच्या पाठीला तो सगळं सांगू शकत होता. ती पाठ रुंद होती, थोडी वाकलेली, ब्लाउजच्या शिवणीपाशी घामानं ओली, आणि तिच्यात एक अपार समजूतदारपणा होता. ती वळली की तो गप्प व्हायचा आणि पेन्सिल हातात घ्यायचा. पेन्सिलीनं तो ‘भात झाला का’ लिहायचा.

दिवस जात होते. आणि एखादं दुखणं अंगवळणी पडावं तशी ही संध्याकाळ त्याच्या अंगवळणी पडली. ऑफिसातून निघताना आज काय सांगायचं हे तो मनात जुळवू लागला. तक्रारी ऐकताना त्याला पूर्वीसारखा शीण येईना. मात्र सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तो मोबाइलमध्ये चलनाचा दर पाही. भोंगाही रोज विचारी, ‘काय काका, बाजार काय म्हणतो?’ आणि दोघं त्यावर शेअरबाजारातल्या माणसांसारखं गंभीरपणे बोलत. तिकडे कुठे निवडणूक होती, कुठे तेलाचं काही झालं होतं, म्हणून दर चढत होता. तो चढला की त्याला आत कुठेतरी निवांत वाटायचं. आपण थांबलोय ते शहाणपणानं थांबलोय. ओळखीच्या माणसानं रस्त्यात गाठून ‘बरं चाललंय ना’ विचारावं आणि आपण ‘बरं’ म्हणावं, तसं ते होतं; खरं-खोटं तपासायला कुणी थांबत नाही.

मुलीचा फोन आला. ‘बाबा, आई मेसेजवर मेसेज टाकतेय मला. तार कुठे, तार कुठे. नक्की अडलंय काय?’

‘कस्टमचं आहे गं.’

‘ते कळलं. तुम्ही पत्र पाठवलंत ना डॉक्टरांचं?’

तो म्हणाला, ‘बघतोय.’

‘बघतोय म्हणजे? मला तो पार्सलचा नंबर द्या, मी भांडते त्यांच्याशी. पैसे लागले तर मी भरते. बाबा, तिला एवढी घाई कधी कशाची नव्हती हो. नवी साडी घे म्हटलं तर पुढच्या वर्षी म्हणणारी बाई ती. काय आहे काय तुमच्या घरात ऐकण्यासारखं?’ आणि ती हसली.

तोही हसला. नंबर शोधून पाठवतो म्हणाला आणि पाठवला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ते हसणं कानात राहिलं. घाई. तिला घाई आहे. त्याला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची किळस आली. अंधारलेल्या डब्यात बसल्यासारखी ती दिवसभर घरात वावरत असेल; दूध उतू गेलं तर वासानं कळायचं, दाराशी कुणी आलं तर कळायचंच नाही. पलीकडची शेजारीण बेल वाजवून वाजवून निघून गेली होती आणि नंतर रस्त्यात तिनं तोंड फिरवलं होतं. बायकोच्या तोंडावर एक नवीनच भाव आला होता, कुणी तरी बोलेल म्हणून सतत सावध असल्यासारखा. हे सगळं त्याला दिसत होतं. दिसत होतं आणि संध्याकाळी तो खुर्चीत बसून तिच्या पाठीला तेच सांगत होता. ‘तुला फार त्रास होतोय. मला दिसतंय. पण आणखी थोडं थांब. मला अजून सांगायचं आहे.’ ती भांडी विसळत होती.

मग दर उतरला. भोंगा आरोळी ठोकतच आत आला. ‘काका! पडला! म्हटलं नव्हतं? कस्टमनं नवा दर लावलाय आजपासून. सोडवा तुमची तार.’ आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं हसली, कुणी टाळी दिली. त्यानं खण उघडला. पत्र होतं तिथेच होतं, एका कोपऱ्याला डिंक लागून खणाला चिकटलं होतं. त्यानं ते हळूच सोडवलं, मोबाइलनं त्याचा फोटो काढला, वाचला. डॉक्टरांनी लिहिलं होतं की या वस्तूवाचून रुग्णाला काहीही ऐकू येऊ शकत नाही. ‘काहीही’ या शब्दापाशी त्याची नजर अडकली. फोन वाजला. त्यानं रिसीव्हर उचलला, कुणाचं पाणी आलं नव्हतं. मग दुसरा वाजला. फोटो मोबाइलमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी तो मनाशी म्हणाला, उतरायला लागलाय तर आणखी उतरेल. तिसऱ्या दिवशी काही म्हणाला नाही. आता त्याच्याजवळ कारण उरलं नव्हतं, आणि कारण नसतानाही हात हलत नव्हता, हे तो एखाद्या परक्या माणसाच्या हाताकडे पाहावं तसं पाहत होता. पत्र पाठवलं की तार येणार. तार आली की ती चकती डोक्याला लावणार, वळून बघणार आणि म्हणणार, हं, बोला. आणि तो म्हणणार, उकडतंय आज.

मुदत संपल्याचा संदेश संध्याकाळी, घरी जाताना आला. वस्तू परत पाठवण्यात आली आहे. तो रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. पुढून माणसं जात होती, त्यांच्या हातांतल्या पिशव्या, त्यांचे पाय. त्याला वाटलं होतं, झालं तर मोकळं वाटेल. पण तो संदेश पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिला. तार विमानात होती, समुद्रावर कुठेतरी, उलट दिशेनं. एवढीशी तार. तिला इथपर्यंत येऊन परत जावं लागलं.

घरात शिरून त्यानं दिवा बंद करून लावला. ती टेबलाशी बसली होती. ‘आली?’ त्यानं पावती उलटी करून लिहिलं, ‘परत गेली.’ तिनं वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

‘का?’

‘उत्तर द्यायला उशीर झाला. दर उतरायची वाट पाहत होतो.’

‘उतरला?’

त्याला ‘नाही’ असं खोटं लिहिता आलं असतं. त्यानं मान हलवली.

‘मग?’

तो पेन्सिल धरून बसला. टोक कागदावर टेकलं होतं आणि तिथे एक ठिपका मोठा होत चालला होता. ती बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग बोलली तेव्हा तिचा आवाज इतका लहान आला की त्यालाच पुढे वाकावं लागलं.

‘तुम्ही माझ्या पाठीमागे बोलता,’ ती म्हणाली. ‘मला माहीत आहे. दिवा तुमच्या मागे असतो. फरशीवर माझ्या पायाशी तुमची सावली येते. तिची हनुवटी हलते.’

त्यानं खाली फरशीकडे पाहिलं.

‘पहिल्यांदा वाटलं, फोनवर बोलताय. मग तिरक्या नजरेनं पाहिलं तर फोन नव्हता. मी वळले की थांबायचात. म्हणून मग मी वळेनाशी झाले. काम संपलं तरी तशीच उभी राहायचे. पुसलेलंच भांडं परत पुसायचे. इतकी वर्षं तोंडातून शब्द काढायला दिवस लागायचा तुम्हाला, आणि आता धबधबा. आणि माझे कान कस्टमात!’ ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. ‘मी ठरवलं होतं, तार आली की तुम्हाला सांगायचंच नाही. केसांखाली चकती लावायची, पदर घ्यायचा वरून, आणि तशीच पाठ करून उभी राहायची. ऐकायचं सगळं. म्हणून घाई होती मला.’

तिनं गठ्ठ्यातली एक कोरी पावती काढून त्याच्यापुढे सरकवली. ‘आता लिहा. काय बोलत होता?’

त्यानं पेन्सिल उचलली. बसची खिडकी, घड्याळ, हाका, सगळं पेन्सिलीच्या टोकापाशी येऊन थांबलं. कागद पांढरा होता, त्याच्या मागे कुठल्याशा दुकानाची बेरीज पुसटशी दिसत होती. शेवटी त्यानं लिहिलं, ‘विशेष काही नाही.’

तिनं ते वाचलं. रागावली नाही. फक्त तिच्या तोंडावरचा तो सावध भाव, कुणी बोलेल म्हणून जागा असलेला, हळूहळू मालवत गेला. पावतीची घडी घालून तिनं ती गठ्ठ्याखाली ठेवली. ‘बरं,’ ती म्हणाली.

मग ती उठली. ओट्यावर काही नव्हतं. स्वयंपाक झाला होता, भांडी घासून पालथी घातली होती. ती ओट्यापाशी गेली, त्याच्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात ओट्याच्या कडेला टेकून नुसती उभी राहिली. मान खाली होती. ती फरशीकडे पाहत होती हे त्याला मागूनही कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. त्याला वाटलं, एवढं एक वाक्य, कुठलंही, उकडतंय इतकंसुद्धा चालेल. आत काहीतरी धडपडलं आणि बसलं. त्याची सावली तिच्या पायांशी पडली होती, आणि सावलीची हनुवटी हलत नव्हती. ती वाट पाहत उभी होती.